गुराब बांधायची, तर कशावरून?

दिवाळीत अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग करायला घेणारी मुलं तटाची वळणं नकाशावरून काढतात, बुरूज मोजतात, दरवाजा नेमका कुठे लपलाय ते मोठ्यांना विचारतात. मग निळ्या रांगोळीच्या समुद्रात कागदाची होडी सोडतात. यात मुलांचा दोष नाही. किल्ला जागेवर उभा आहे, त्याची मोजणी करता येते. त्या किल्ल्याच्या आसऱ्याला नांगर टाकणारी गुराब, म्हणजे मराठा आरमारातली युद्धनौका, मात्र आज कुठेच नाही, आणि मापांसकट काढलेला तिचा त्या काळचा आराखडा सहज कुणाच्या हाती लागेल असाही नाही.

जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधण्याच्या छंदाचा आढावा घेताना मला हाच प्रश्न मध्यभागी ठेवावासा वाटतो: हे कशावरून बांधलं? प्रदर्शनात लोक चिकाटीचं कौतुक करतात, किती महिने लागले ते विचारतात. पुराव्याचं कुणी फारसं विचारत नाही. माझ्या मते या छंदाचा कस तिथेच लागतो. आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत तर, छंद म्हणून, हे काम अजून नीट सुरूही झालेलं नाही.

आधी छंदाचं आजचं रूप पाहू. सर्वांत मोठा वाटा प्लॅस्टिकच्या किटांचा. ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीनं १९५२ मध्ये फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’चं छोटं किट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून विकलं आणि हा छंद पोरांच्या खिशाला परवडू लागला. जपानमध्ये शिझुओका शहरातल्या तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन १:७०० प्रमाणातली मालिका काढली. यातली जहाजं पाण्याच्या रेषेपासून वरचीच. चौघांनी जहाजं आपापसांत वाटून घेतली आणि प्रमाण एकच ठेवलं, त्यामुळे अख्खं आरमार एका फळीवर मांडता येऊ लागलं. लाकडी किटांत मात्र डेन्मार्क, इटली आणि स्पेनच्या कंपन्यांचा जोर. कागदी मॉडेलांची परंपरा पोलंडची. तिथे १९५७ पासून या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक निघत आलं आहे, आणि पुठ्ठा, कात्री आणि डिंकावर तिथल्या पोरांनी युद्धनौका उभ्या केल्या. पाण्यात चालणारी रेडिओ कंट्रोलची मॉडेलं हा आणखी एक पंथ. बाटलीतली जहाजं हा निराळाच, त्यात मी शिरत नाही.

किट म्हणजे दुसऱ्याचं तयार उत्तर, असं म्हणून काही जण नाक मुरडतात. ते मला पटत नाही. किट ही सुरुवात असू शकते. एअरफिक्सनं ब्रिटिश ‘लिअँडर’ फ्रिगेटचं १:६०० प्रमाणातलं किट काढलं होतं. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’ याच आराखड्यावरची. म्हणजे त्या किटातून ‘नीलगिरी’ करता येते. पण ते करायला बसलं की लगेच विचारावं लागतं, ‘लिअँडर’ आणि ‘नीलगिरी’ यांत फरक कुठे? याच वर्गातल्या शेवटच्या दोघी, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, हेलिकॉप्टरसाठी आणखी बदललेल्या. मग आपण नेमकी कुठली करतोय? फोटो जमवायला लागतात, डेकची लांबी त्यावरून ताडून पाहावी लागते. किट जोडणारा माणूस इथे अभ्यासाला लागतो आणि पुढे त्याला त्यातून सुटका नसते.

या छंदाची मुळं छंदात नाहीत. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, चार हजार वर्षांपूर्वी, लाकडी नावांचा ताफा ठेवलेला होता. १९२० मध्ये तो उकरून निघाला. त्यात प्रवासाची नाव आहे, मासेमारीची आहे, आणि मालकाच्या मागोमाग स्वयंपाक करत जाणारी मुदपाकखान्याची नावही आहे. परलोकात उपयोगी पडावीत म्हणून केलेल्या या वस्तू आज नाईलवरच्या नौकाबांधणीचा पुरावा झाल्या आहेत. आपल्याकडे लोथलच्या उत्खननात भाजक्या मातीच्या छोट्या नावा मिळाल्या. त्यांतल्या एकीत काठी उभी करायला भोक आहे, त्यामुळे शिडाची चर्चा करता येते. स्पेनमधल्या मातारोजवळच्या एका देवळात नवसाला वाहिलेलं पंधराव्या शतकातलं जहाज आता रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे. त्या काळच्या भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर लिहिणाऱ्याला त्याच्याकडे वळावंच लागतं.

सतराव्या-अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलासाठी बनलेली मॉडेलं हा या कलेचा मानदंड मानला जातो. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८, हे प्रमाण तिथूनच रूढ झालं. खालच्या भागाला फळ्या मारायच्या नाहीत, फासळ्या उघड्या ठेवायच्या, ही त्यांची ओळख. पाहणाऱ्याला वाटतं, आत जहाज असंच असणार. पण त्या फासळ्यांची रचना ही मॉडेल करणाऱ्यांची ठरीव पद्धत होती. खऱ्या जहाजातल्या फासळ्या तशा जुळवलेल्या नसत. कोरीवकाम, तोफखिडक्या, बांध्याचा घाट यांबाबत ही मॉडेलं विश्वासाची. आतल्या सांगाड्याबाबत ती फसवतील. नौदलासाठी केलेलं मॉडेलही प्रत्येक प्रश्नाला साक्षीदार म्हणून चालत नाही, हे नवशिक्यानं सुरुवातीलाच समजून घेतलेलं बरं. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉस इथल्या छावणीत डांबलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून केलेली जहाजं तर हस्तकौशल्याची कमाल आहेत. पण ती विक्रीसाठी होती, आठवणीतून केलेली होती. डोलकाठ्या अनेकदा प्रमाणाबाहेर उंच. त्यांच्याकडे पाहून मान आपोआप झुकते, पण त्यांच्यावरून मापं घेऊ नयेत.

आता प्रमाणाचं गणित, कारण इथे बरेच जण चकतात. १:४८ म्हणजे लांबी अठ्ठेचाळीस पटींनी कमी; घनफळ मात्र एक लाख दहा हजार पटींहून जास्त कमी होतं. हजार टनांचं जहाज १:१०० प्रमाणात अवघ्या एक किलोचं पाणी बाजूला सारतं. खऱ्या वाऱ्यात चालवायची शिडाची मॉडेलं उलटतात ती यामुळेच. वारा शिडावर जो कल देतो तो लांबीच्या घनाच्या हिशेबानं घटतो, पण नौकेला सरळ करणारी ताकद चौथ्या घातानं. १:२० प्रमाणातली पतेमारी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची शिडाची नौका, शिडाच्या मानानं मूळ पतेमारीपेक्षा वीस पट अशक्त असते. म्हणून पाण्यात सोडताना तिला खालून शिशाचा खोटा कणा बांधावा लागतो. फळीवर ठेवायची तेव्हा तो काढून ठेवायचा. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं टॉर्कीच्या हौदात मॉडेलं ओढून मॉडेलवरून खऱ्या जहाजाचा अंदाज घेण्याचे नियम १८७० च्या दशकात पक्के केले, आणि अजूनही जहाज बांधण्याआधी त्याचं मॉडेल हौदात ओढून पाहतात.

दिसण्याचं गणित आणखी नाजूक. १:७०० मध्ये उभा माणूस अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी उंचीचा. ‘यामातो’सारखी २६३ मीटरची अजस्र युद्धनौका ३८ सेंटिमीटरच्या आत बसते. अशा मॉडेलला रासायनिक कोरीवकामानं काढलेले पितळी कठडे लावायची पद्धत आहे. ते कठडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके पातळ धरले तरी मूळ मापात त्यांची जाडी सात सेंटिमीटर होते. जहाजावर कठड्याची तार एवढी जाड कधीच नसते. लावा, छान दिसतात; पण त्यांनी मॉडेल जास्त ‘अचूक’ झालं असं म्हणू नका. पत्र्यांचे सांधे, रिबिटं, फळ्यांमधल्या फटी यांनाही हेच लागू. खरी रिबिट या प्रमाणात डोळ्याला दिसूच शकत नाही. दिसत नसेल ते गाळणं हीसुद्धा अचूकता आहे, आणि मला विचाराल तर आजच्या स्पर्धांतल्या बऱ्याच मॉडेलांना तिचीच उणीव आहे. थ्रीडी प्रिंटरनं बारीकसारीक भाग घरी काढता येऊ लागल्यापासून तपशील खच्चून भरण्याचा मोह वाढलाय.

लाकडी मॉडेलात पारख होते ती फळ्या मारताना. जहाज मधोमध फुगीर आणि नाळेकडे निमुळतं. मधल्या फासळीचा घेर वरून खाली मोजला तर समजा १२० मिलिमीटर भरतो, नाळेजवळ तोच ६५ वर येतो. फळ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तेवढीच. तेव्हा प्रत्येक फळी नाळेकडे अरुंद व्हायलाच हवी. कागदाची अरुंद पट्टी फासळीवर गुंडाळायची, कडा जिथे येतात तिथे खुणा करायच्या, पट्टी सरळ करून तेवढ्या लांबीचे फळ्यांइतके समान भाग पाडायचे आणि त्या खुणा परत फासळीवर उतरवायच्या. अशी प्रत्येक फासळी. मग फळी रंध्यानं किंवा कानशीनं त्या खुणांना जुळेपर्यंत उतरवायची, ओली करून, ऊब देऊन वाकवायची आणि चिकटवण्याआधी दोन-तीनदा कोरडीच बसवून पाहायची. फळी निम्म्याहून जास्त अरुंद करावी लागत असेल तर दोन फळ्यांची एक करून संख्याच कमी करायची. किटच्या कागदावर यातलं फारच थोडं असतं. सगळ्या फळ्या एका मापाच्या देऊन त्या नाळेशी कशाही कोंबायला सांगतात, आणि पहिलंच मॉडेल बांधणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट. हात वाईट नसतो. फळी उतरवायची असते एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लाकडाबाबत बाहेरची पुस्तकं बॉक्सवुड आणि पेअरवुड सांगतात, कारण त्यांचे रेषे बारीक. सागाची जहाजं बांधायची म्हणून मॉडेलही सागाचं करावं असं वाटतं, पण सागाचे भरड रेषे १:४८ ला फळीएवढे जाड दिसतात. आपल्याकडचा हेद पिवळसर, घट्ट आणि बारीक रेषांचा आहे. शिवण कोरायला मऊ आणि सहसा पिळत नाही. सावंतवाडीसारख्या गावात लाकडाची खेळणी आणि फळं पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तिथल्या कातारी कारागिरांना ही लाकडं समजावून सांगावी लागत नाहीत. परदेशातून लाकडाच्या पट्ट्या मागवून टपालखर्च आणि कस्टम भरण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करावी.

हवेचाही विचार करायला हवा. कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात सुती दोरा ओलावा धरून आखडतो आणि बारीक डोलकाठ्या वाकवतो. उन्हाळ्यात सैल पडतो. पॉलिस्टरचा दोरा हे करत नाही, फक्त त्याची चकाकी मेण लावून मारावी लागते. काचेची पेटी हवीच, पण पूर्ण बंद पेटी नको. लाकडातून आणि काही गोंदांतून सुटणारी आम्ल वाफ आत कोंडली की किटमधल्या शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत तोफ भुसभुशीत होते. पेटीला खाली वारा खेळेल इतकी फट ठेवा. मालवण, रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात पितळ उघडं ठेवू नका, लॅकरचा हात द्या.

आता पुराव्याकडे येतो. समजा जहाज अजून शाबूत आहे. तरीही प्रश्न संपत नाही, कारण जहाज म्हणजे एक अवस्था नसते. ‘व्हिक्टरी’चंच पाहा. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेली, १८०५ मध्ये ट्रॅफल्गरला लढलेली ही नौका पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभी आहे. सी. नेपियन लाँग्रिज यांनी तिचं १:४८ मॉडेल बांधून त्यावर १९५५ मध्ये लिहिलेलं पुस्तक कित्येकांच्या टेबलावर फाटेस्तोवर वापरलं गेलं. तिचे पिवळेजर्द पट्टे पाहतच मॉडेल करणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. मग रंगाच्या जुन्या थरांचे नमुने तपासले गेले आणि २०१५ मध्ये ती फिक्या, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात रंगवली गेली. जगभरच्या कपाटांतली पिवळी ‘व्हिक्टरी’ एका दिवसात जुन्या मताची साक्ष झाली. स्वीडनच्या ‘वासा’चीही तीच गत. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच प्रवासात बुडालेलं हे जहाज २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं. लाकूड जवळजवळ सगळं हाती आलं, रंग नाही. बराच काळ तिच्या शिल्पांची पार्श्वभूमी निळी मानत आणि मॉडेलं निळी होत. रंगाच्या कणांच्या तपासणीनंतर ती लाल निघाली. स्टॉकहोमच्या संग्रहालयातलं १:१० मॉडेल पाहिलं की शिल्पांवरचे भडक रंग अंगावर येतात, आणि ते खरे आहेत.

‘यामातो’चं उलटं. युद्ध हरताना जपानी नौदलानं तिचे बरेचसे कागद नष्ट केले, फोटो थोडे, जहाज समुद्रतळाशी. त्यामुळे सुरुवातीच्या किटांत अंदाज पुष्कळ होता. पुढे अवशेष सापडले, त्यांचं चित्रण झालं, अंदाज एकेक करून दुरुस्त होत गेले. कुरे इथल्या संग्रहालयात तिचं १:१० मॉडेल आहे, २६ मीटर लांब.

आपल्या जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचं मॉडेल करणाऱ्याला यातून खूप शिकता येईल. १९७१ ची ‘विक्रांत’ आणि निवृत्तीच्या वेळची ‘विक्रांत’ ही दोन वेगळी मॉडेलं आहेत. पहिलीवर सी-हॉक आणि अलिझे विमानं, वाफेवर चालणारं कॅटपल्ट. दुसरीच्या नाळेवर चढत जाणारा स्की-जंप आणि सी-हॅरियर. घराघरांत आणि शाळांत ठेवलेल्या बऱ्याच मॉडेलांत स्की-जंपच्या डेकवर सी-हॉक उभी दिसतात. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, कफ परेडला संग्रहालय म्हणून काही वर्षं उभी राहिली, मुंबईकर पोरांना खांद्यावर घेऊन तिची शिडी चढले, आणि २०१४ मध्ये दारूखान्याला तोडायला गेली. तेव्हा काढलेले हजारो घरगुती फोटो आज अल्बमांत पडून आहेत. पोराच्या मागे दिसणारी एखादी शिडी, एखादा व्हॉल्व्ह, पायाखालच्या डेकचा पोत, हे मॉडेल करणाऱ्याला सरकारी छायाचित्रापेक्षा जास्त सांगतं. ते कुणीतरी गोळा करायला हवेत.

जिचे आराखडे हाती लागतात अशी आपल्याकडे बांधलेली एक मोठी नौका मात्र आहे, आणि तिच्याबद्दल मराठी छंदिष्टांत इतकं कमी बोललं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत, मलबारी सागात, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली फ्रिगेट. तिचे पहिले आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश जहाजावरून येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’चा पाडाव केला आणि आराखडे तिच्याबरोबर गेले. दुसरा संच मागवावा लागला. १८१६ मध्ये तळाचा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला, १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. ओकची समवयस्क जहाजं कुजून गेली, ही सागाची टिकली. ‘फूड्रॉयंट’ या नावानं तिनं प्रशिक्षणनौका म्हणून काम केलं, पुढे जीर्णोद्धार होऊन आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती पाण्यावर तरंगते आहे. ब्रिटिश नौदलाच्या या वर्गाचे आराखडे ग्रिनिचच्या संग्रहात आहेत, जहाज स्वतः पाहता येतं, फोटो पाहिजेत तेवढे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि हातात करवत धरणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही.

गुराबेबद्दल असं काहीच नाही. मग काय आहे? पहिलं, वर्णनं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन बरंच तपशिलात केलं आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानानं रुंद, पाणी कमी घेणारी. नाळेच्या जागी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं पुढे आलेलं टोक, त्याच्या मागच्या आडभिंतीत खिडक्या पाडून पुढे रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. गलबत त्याच धाटणीचं पण लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. काहींवर वजन वाचवायला चिरलेल्या बांबूचं डेक. दुसरं, चित्रं. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडल्याचं डॉमिनिक सेरेझनं काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे, पण ते लढाईनंतर पंधराएक वर्षांनी काढलेलं. तिसरं, दगड. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजं कोरली आहेत, पण ती शिलाहार-यादवांच्या काळातली, आंग्र्यांच्या कितीतरी आधीची. चौथं, जागा. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी खडकात खोदलेली गोदी अजून आहे. तिचं तोंड आणि भरतीचं पाणी मोजलं तर आत येऊ शकणाऱ्या नौकेच्या रुंदीला आणि डुबीला वरची मर्यादा मिळते. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीनं हा ठोस आकडा आहे आणि तो कुणीही रीतसर परवानगीनं घेऊ शकतं.

एवढ्यावर गुराब होते का? होते, पण अटीवर. बांध्याची रुंदी, नाळ, काठ्यांची संख्या, पुढच्या तोफा यांना आधार आहे. पिछाडीची रचना, शिडांचा नेमका काट, डेकवरच्या वस्तू, रंग हे सगळं अंदाजाचं. समारंभांत आणि स्मारकांत ठेवलेल्या गुराबी पाहिल्या तर कित्येकींना युरोपी जहाजाची नक्षीदार पिछाडी आणि चौकोनी शिडांचा मनोरा लावलेला असतो, खाली पाटीवर मात्र ठामपणे ‘मराठा युद्धनौका’. माझा आग्रह एवढाच की मॉडेलबरोबर एक पानभर टिपण असावं: कोणता भाग कशावरून घेतला, कोणता मनानं. जमलं तर अंदाजाचे भाग न रंगवता कोऱ्या लाकडाचेच ठेवावेत. शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल आदर असेल तर त्याच्या बाबतीत ठोकून देणं तर मुळीच चालू नये.

अपुऱ्या पुराव्यावरून बांधणं अशक्य नाही याचा दाखला ताजा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं पाचव्या शतकाचं जहाज आधाराला घेऊन गोव्यात होडी इनोव्हेशन्सनं फळ्या शिवून केलेलं जहाज बांधलं. केरळच्या बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्यानं शिवल्या, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ नावानं नौदलात दाखल झालं. चित्राला ना लांबी ना खोली. सपाट रेषांतून बांधा काढावा लागला, मग आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात मॉडेलची पाण्यातली चाचणी झाली, आणि मगच फळी कापली गेली. चित्र, मॉडेल, जहाज या क्रमात मॉडेलनं मधला दुवा साधला.

तरीही मी नवशिक्याला गुराब सुचवणार नाही. आधी उलांडीची होडी, मचवा, मिळालीच तर पतेमारी. अशा नावा मोजून नोंदवण्याला जुनी आणि भक्कम परंपरा आहे. जॉन एडी या गोदीतल्या माणसानं १८३४ मध्ये मलबार आणि कोरोमंडलच्या नावांवर आकृत्यांसकट लेख छापला. फ्रान्सचा नौदल अधिकारी एदमोंद पारी बंदराबंदरांत नावा मोजत फिरला आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मोठा ग्रंथ निघाला. पुढे पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याच्या आराखड्यांवरून आशियाई नावांची मॉडेलं करवून घेतली गेली. आपल्या पतेमारीचा मध्ये उचललेला कणा, पुढे झेपावणारी नाळ, मागच्यापेक्षा पुढे जास्त खोल बसणारा बांधा हे आज माहीत आहे ते अशाच नोंदींमुळे. जेम्स हॉर्नेलनं १९२० मध्ये भारतीय नावांच्या घडणीवर लिहिलं. या तिघांनी केलं ते आपण आपल्या भाषेत, आपल्या गावात करू शकतो. घाई यासाठी की फायबरच्या होड्या आल्या, लाकडी होडी नव्यानं बांधून घेणारे कमी झाले, आणि मेस्त्री कागदावर काही काढत नाहीत. पठाण (कणा) किती, वांक (फासळी) कुठे आणि किती वाकडा, हे त्यांच्या नजरेत असतं.

काम अवघड नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारलेल्या असतात. नाखव्याची परवानगी घ्या, नीट सांगा कशासाठी मोजताय. होडी वाळूत कलंडलेली असते, म्हणून जमिनीवरून मोजू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप घेऊन नाळेपासून पिछाडीपर्यंत सपाट दोरी ताणा, होडीचा स्वतःचा मध्य काढा आणि दर अर्ध्या मीटरवर ओळंबा सोडून बाजूचं अंतर वरून खाली टिपत जा. दोन्ही बाजू मोजा; हातानं बांधलेली होडी दोन्हीकडे सारखी नसते आणि तो फरक आराखड्यात पुसायचा नाही. जुन्या होडीचा मध्य वर उचलला जातो आणि टोकं खाली बसतात, तेव्हा वय लिहा. फळ्यांची जाडी, खिळ्यांमधलं अंतर, कुठलं लाकूड कुठे, फटीत काय भरलंय, तळाला कुठलं तेल, प्रत्येक भागाला त्या गावात काय म्हणतात, सगळं तिथेच वहीत उतरवा. बांधणारे मेस्त्री हयात असतील तर त्यांना होडीपाशी घेऊन या. घरी बसून विचारलेल्या आणि फळीला हात लावून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात. आराखडा १:१० वर काढा, मॉडेल १:२० वर करा, आणि आराखड्याच्या प्रती नाखव्याकडे, मेस्त्रींकडे आणि तालुक्याच्या वाचनालयात द्या. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की पुढचं मोजमाप थेट पुढच्या वर्षी.